जी दारू चुलीत पेटली नाही

माझा थोरला भाऊ दारूनं गेला, असं आमच्या गावात म्हणतात. खोटं नाही ते. चाळीस वर्षं प्यायला तो. पण शेवटची दारू त्याला मी पाजली. मी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, व्यसनमुक्तीच्या प्रभातफेरीत पोरांच्या पुढे घोषणा देत चालणारा माणूस. हे गावात कोणाला माहीत नाही. वहिनीला माहीत आहे, आणि आता भावाच्या मुलालाही.

आमचं गाव जव्हारजवळ, जामसरच्या अंगाला. भात, नागली, थोडी वरई आणि बांधावर मोहाची चार झाडं. भाऊ चौथीत असताना वडील गेले. त्यानं शाळा सोडली आणि मला आश्रमशाळेत नेऊन घातलं. मी डी.एड. झालो, वावर गावाच्या बाजूला अकरा वर्षं नोकरी केली, मग जव्हारला घर बांधलं. हे सगळं त्याच्या जिवावर. तो मात्र ते कधी बोलून दाखवायचा नाही. कोणी माझं कौतुक केलं की म्हणायचा, "घरात दोघांनी वाचायचं काय कारण? एक पुरे."

भाऊ वाचायचा नाकानं. मोहाची फुलं वेचून आणली की सुपातली मूठभर नाकाशी धरायचा आणि सांगायचा, ही खालच्या झाडाची, ही वरच्या, ह्यांना कालचं दव लागलंय, ती बाजूला काढा. दारू गाळण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. लग्न असो, देवाचं काही असो, कोणाचं दिवसकार्य असो, बाटली आमच्या घरची. चोरून गाळायची, उघडपणे वाटायची. आता कायदा काय म्हणतो ते मला सांगू नका, मी सरकारी नोकर आहे, मला पाठ आहे. पण आमच्याकडे पितरांना दोन थेंब पोचल्याशिवाय कुठलंच कार्य पुरं होत नाही, हेही तितकंच खरं.

दारू चांगली की पाणी घातलेली, हे बघायची आमची एकच रीत. जराशी चुलीतल्या जाळावर शिंपडायची. भक्कन भडका उडाला, निळी ज्योत आली, तर पहिल्या धारेची. ती जपून प्यायची. नुसतं चुर्र वाजलं आणि निखारा काळा पडला, तर ती कमजोर. ती म्हाताऱ्यांना चालते, आजाऱ्यांना चालते, अंगदुखीला बायकाही घेतात. आमच्या आजोबांनी असंच बघितलं, त्यांच्या आजोबांनीही असंच बघितलं असणार. ह्या रीतीवर शंका घ्यावी असं मला पन्नास वर्षांत एकदाही वाटलं नाही.

भावाला एकच मुलगा. त्याला भावानं भट्टीच्या जवळ कधी फिरकू दिलं नाही. "हिकडं आलास तर तंगडी मोडीन," म्हणायचा. पोरानं शिकावं, काकासारखं व्हावं, हे त्याच्या डोक्यात. पोरगा बारावीत आपटला. मग नाशिककडे द्राक्षाच्या बागांवर गेला, तिथून बांधकामावर, आणि कोणाच्या तरी ओळखीनं एका बिअरच्या छोट्या कारखान्यात पिंपं धुवायला लागला. लाकडी पिंपं, माणूस आत बसेल एवढी. भाऊ आठ दिवस जेवताना कोणाशी बोलला नाही. "मी ह्याला ज्या वासातून लांब ठेवला, त्याच वासात जाऊन बसला गाढव," एवढंच म्हणाला.

पण बापाचं नाक पोराला आलं होतं. कारखान्याचा मालक एकदा पिंपं तपासत होता, तर हा शेजारी फडकं घेऊन उभा. म्हणाला, "साहेब, ह्या तिसऱ्यात आंबूस येतंय, ते भरू नका." मालकानं हसण्यावारी नेलं. आठवड्यानं ते पिंप खरंच बिघडलं. त्यानंतर मालक त्याला प्रत्येक पिंपाचा वास घ्यायला बोलवायला लागला, आणि तीन-चार वर्षांत पोरगा असा तयार झाला की कुठलं पिंप अजून ठेवायचं, कुठलं बाटलीत भरायचं, हे तो ठरवायला लागला. मला फोनवर सांगायचा सगळं. बापाला सांगायची छाती नव्हती. "काका, तू सांग ना बाला," म्हणायचा. मी सांगायचो. भाऊ ऐकून घ्यायचा आणि बैलाला पाणी दाखवायला उठून जायचा.

दिवाळीनंतर भावाचं पोट फुगलं. पाय सुजले, डोळे हळदीसारखे झाले. आधी जव्हारला दाखवलं, मग नाशिकला नेलं. पोटातलं पाणी काढलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलल्या. लिव्हर संपलंय, मीठ बंद, दारूचा एक थेंबसुद्धा नाही. भावानं त्या दिवसापासून खरोखर सोडली. लोकांना खोटं वाटतं, पण सोडली. सहा-सात महिने त्यानं पेल्याला हात लावला नाही. त्या वर्षी मोह गळला तेव्हा ओट्यावर बसून फुलांचा वास घ्यायचा, बस. फुलं वहिनीनं बाजारात विकली.

मधे माघात पोरगा आला. माझ्याकडे जव्हारला उतरला आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली. जाड काळी काच, तोंडाला लाल लाख. आपण निवडलेल्या पहिल्या पिंपाची पहिली बाटली, म्हणाला. ज्या पिंपात आधी दहा वर्षं व्हिस्की होती, त्यात ही बिअर चौदा महिने ठेवली होती. मी म्हटलं, "चौदा महिने? नासली नाही?" तर पोट धरून हसला. मग एकदम गंभीर झाला.

"काका, ही बाला द्यायचीय. पण आत्ता नाय. तो बरा झाला की. ही खराब होत नाय, वर्षं वर्षं राहते. तू कपाटात ठेव. घरी ठेवली तर तो उघडंल."

"बिअरनं काय होतंय रे," मी म्हटलं.

"ही तसली बिअर नाय, काका. जोरकस हाय."

मला वाटलं, पोरगा आपल्या मालाची बढाई मारतोय. कोण नाही मारत? मी बाटली कपाटात, पोरांच्या उत्तरपत्रिकांच्या मागे ठेवली. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "त्यानं एकदा चाखून सांगितलं पाहिजे. बाकी कोणी चांगली म्हणालं काय अन् वाईट म्हणालं काय, मना फरक नाय पडत." आणि गेला.

चैत्रात भावाचं पोट पुन्हा भरलं. नाशिकला नेलं, पाणी काढलं, पंधरा दिवसांत पुन्हा फुगलं. डॉक्टर बाई ह्या वेळी माझ्याशी बोलताना खुर्चीवरून उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यावरून मी काय ते समजलो. बरा झाल्यावर उघडायची ती बाटली आता कधी उघडणार नाही, हे मला कळलं. भावालाही कळलं होतं. मीच मूर्खासारखा बाटलीचं त्याला सांगून बसलो होतो, तेवढंच त्याला बरं वाटेल म्हणून.

शाळेला सुट्टी लागली तशी मी रोज गावी जायला लागलो. रोज तो एकच विचारायचा. "आणलीस?" मी म्हणायचो, नाही. आयुष्यात त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. चप्पलसुद्धा नाही. आणि आता भिंतीला टेकून, काड्या झालेल्या हातांनी पोट सांभाळत, लहान मुलासारखा विचारायचा, "आणलीस?"

एक दिवस म्हणाला, "मी मेल्यावर भुईवर ओतशील ना ती? मग मना काय त्याचं? आत्ता जिभंवर दे. पोरानं केलंय. मना बघायचंय त्याला येतंय का."

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन गेलो. वहिनी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं बाटली बघितली आणि तिचा हात थांबला.

"भावजी, डागदरीन नाय बोलली."

"बिअर आहे वहिनी. दारू नव्हे."

हे वाक्य मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलं, दुसऱ्या कोणाच्या नाही. आणि ते म्हणण्याआधी मी लेबल वाचलेलं होतं. इंग्रजी येतं मला. बारा टक्के, असं तिथं स्वच्छ छापलेलं होतं. आता माझी अक्कल बघा. टक्केवारी मी पाचवीला शिकवतो. तीस वर्षं माझ्या डोक्यात एकच हिशेब बसलेला, पस्तिसाच्या खाली ते नापास. शंभरात बारा! एवढ्या मार्कांचं पोर मी ढकलून वरच्या वर्गातसुद्धा घातलं नसतं. मला मनातल्या मनात हसूच आलं. म्हटलं, कसली जोरकस रे तुझी, बाबा.

तरी मी वहिनीला म्हणालो, "बघूच ना." लाख खरवडली, बिल्ला काढला, वाटीत थोडी ओतली आणि चुलीत जाळावर शिंपडली. चुर्र. धूर आला, राख उडाली, दोन निखारे काळे पडले. वहिनीनं फुंकणीनं जाळ पुन्हा केला. मी परत शिंपडली, जरा जास्त. पुन्हा चुर्र. भडका नाही, ज्योत नाही, काहीच नाही.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिच्या तोंडावर दिसलं ते. "अगं बाई, हे तर ताकच," ती म्हणाली. मग तिनंच उठून भावाचा स्टीलचा पेला धुतला.

त्यानं ती कशी प्यायली ते मी कधी विसरणार नाही. आधी मला म्हणाला, घाई करू नको, हळू ओत. काळी कुळकुळीत, घट्ट, वर नागलीच्या भाकरीच्या रंगाचा फेस. त्यानं बोट बुडवून दोन थेंब भुईला दिले. मग एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळले आणि ते हात तोंडावर धरून बसला. किती वेळ! वहिनी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. हात काढले तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, आणि तो चिडलेला असावा तसा दिसत होता.

"ह्यात आधी दुसरी दारू होती," म्हणाला.

मी त्याला पिंपाचं काही सांगितलेलं नव्हतं. आईशप्पथ सांगतो, व्हिस्कीचा शब्द मी त्याच्यासमोर काढला नव्हता.

मग त्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मला म्हणाला, तूही घे. मी घेतली. आधी भाजलेल्या नागलीसारखं कडवट, मग करपायला आलेल्या काकवीचं गोड, आणि मागून जुन्या लाकडी पेटीचा वास. छातीतून खाली उतरताना ऊब लागली. चांगली ऊब लागली. तिथंच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण भाऊ इतक्या महिन्यांनी नीट ताठ बसला होता, बोलत होता, आणि मी त्या ऊबेकडे कानाडोळा केला.

"लाकूड जाळून मग भरलंय," तो म्हणाला. "आतून जाळलंय. आपण मडकं धुरावतो तसं." दुसरा घोट. "फुलं नाय, पण सुकल्या फुलाचा वास हाय. कुठून आणला गाढवानं?" तिसरा. मग म्हणाला, "मी घाई करायचो. चार दिवस झाले की लावली भट्टी. लोक दारात बसायचे ना. ह्यानं वाट बघितली. माझ्यापेक्षा बरा निघाला."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. तिनं नवऱ्याच्या तोंडून पोराबद्दल असं कधी ऐकलंच नव्हतं.

"पण गोड जास्त ठेवलीय," भाऊ बोट नाचवत म्हणाला. "गोडावर माणूस फसतो, खालचं काय लागत नाय. सांग त्याला. पुढच्या खेपंला गोड कमी. लगेच सांग, नायतर तू इसरशील."

मी म्हटलं, संध्याकाळी फोन करतो. तो दोन पेले प्यायला, अर्धा मी घेतला, बाटली संपली. मग तो तिथंच ओट्यावर झोपला, घोरायला लागला. वहिनी म्हणाली, किती दिवसांनी असा झोपलाय. मी जव्हारला आलो. त्या संध्याकाळी मी फोन केला नाही. कारण काय सांगू? पोरगा विचारणार, कोणाला विचारून उघडलीस? म्हटलं, दोन दिवसांनी करू, भाऊ बरा दिसला की सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ओट्याखाली रक्ताची उलटी झाली होती. साधी नाही, घमेलंभर. जीपमध्ये घातला. मोखाड्याच्या पुढे घाटात दुसरी झाली. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि माझा सदरा रक्तानं भिजला होता. नाशिकला पोचेपर्यंत तो शुद्धीत नव्हता.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "दारू घेतली होती का?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? मला वाटलं, खरं सांगितलं तर त्या उपचार थांबवतील. पण असं कुठे असतं का? हे मी नंतर जोडलेलं कारण आहे. मी घाबरलो होतो, एवढंच. त्या म्हणाल्या, घशातल्या शिरा फुगलेल्या होत्या, ह्या कधीही फुटू शकतात, न पिताही फुटतात. मी त्या वाक्याला आजवर घट्ट धरून आहे. न पिताही फुटतात. पण तो प्यायला होता.

पोरगा कारखान्यातून धावत आला तेव्हा भाऊ बोलण्याच्या पलीकडे गेला होता. दुपारी सगळं संपलं.

तिसऱ्याचा विधी झाल्यावर पोरानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका, बाटली तुझ्याकडंच हाय ना?" रिकामी बाटली मी आदल्याच दिवशी दरीत फेकून दिली होती. मी म्हणालो, "कपाट आवरताना फुटली रे." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "जाऊ दे," म्हणाला. "नशीब नव्हतं त्याचं."

बाराव्याला तो दुसरी बाटली घेऊन आला. मालकाकडून मागून आणलेली, त्याच पिंपातली. आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं थोडं भुईला द्यायचं आणि बाकीचं बसलेल्यांनी वाटून घ्यायचं, अशी रीत. पोरानं बाटली उघडली आणि ओतायला लागला. थेंब नाही, धार. सगळे बघत बसले. एका म्हाताऱ्यानं पेला पुढे केला, तर पोरगा म्हणाला, "नाय आजा. ही सगळी त्याची. जिवंतपणी त्याला एक घोट नाय मिळाला." आणि बाटली उलटी धरून शेवटचा थेंब गळेपर्यंत उभा राहिला. जमिनीनं ती प्यायली, वर नुसता फेस राहिला. मी चार हातांवर बसलो होतो. वहिनी माझ्याकडे बघत होती, मी खाली बघत होतो. तोंड उघडायचं होतं मला. नाही उघडलं.

त्यानंतर मी स्वतःला समजावत राहिलो. खरं सांगितलं तर पोराला वाटेल, माझ्याच बाटलीनं बाप मेला. जन्मभर ते ओझं वाहील. नको. त्यापेक्षा बापाला चाखायला मिळाली नाही एवढं दुःख परवडलं. मी हा विचार इतक्या वेळा केला की मला तो चांगुलपणा वाटायला लागला.

शिमग्याच्या आधी वहिनीचा फोन आला. पोरगा नोकरी सोडून घरी आला होता. भिवंडीला गोदामात हमालीला जाणार म्हणत होता. "वास येत नाय म्हणतो," ती म्हणाली. "नाक मेलं म्हणतो. मालकानं दोनदा थांब म्हणून सांगितलं, पर ऐकत नाय. बानं एकदा चाखली असती तर मना कळलं असतं मी बरोबर हाय का नाय, असं बोलतो आन् बसून राहतो. भावजी, आता सांगा. माझ्यानं व्हत नाय."

मी गेलो. पोरगा शेतात राब भाजायची तयारी करत होता, भाताच्या रोपांच्या वाफ्यावर फांद्या आणि शेण पसरत. मी बांधावर उभा राहिलो आणि प्रस्तावना न करता म्हणालो, "बाटली फुटली नव्हती."

त्यानं हातातली पाटी खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. तो मधे एकदाच बोलला.

"चुलीत टाकून बघितली?"

"हो."

"काका, बिअर पेटत नाय. कुठलीच पेटत नाय. चार बाटल्या प्यायला तर माणूस आडवा व्हईल अशीसुद्धा पेटत नाय."

"आता माहीत आहे मला."

"मी बोललो होतो ना, जोरकस हाय?"

"बोलला होतास."

तो वाफ्याच्या कडेला बसला. मी उभाच. मला वाटलं, आता विचारेल, बा जगला असता का. त्या प्रश्नाचं उत्तर मी तयार करून आणलं होतं, डॉक्टर बाईंचं वाक्य. त्यानं ते विचारलंच नाही.

"काय बोलला तो?"

मी सांगितलं. आधी दुसरी दारू होती म्हणाला. लाकूड आतून जाळलंय म्हणाला. त्यानं वाट बघितली म्हणाला, माझ्यापेक्षा बरा निघाला म्हणाला. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. मग मी म्हणालो, "गोड जास्त ठेवलीय म्हणाला. पुढच्या खेपेला गोड कमी, असं लगेच सांग म्हणाला."

तो हसला. खरंच हसला. "गोड जास्तच झाली होती," म्हणाला, "मनाही वाटलं होतं." आणि मग शेणाचे हात तसेच तोंडावर घेऊन मोठ्यानं रडायला लागला. बापाच्या चितेपाशी नव्हता रडला एवढा. मी खाली उतरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं खांदा झटकला.

"दहा महिने ठेवून घेतलंस तू हे."

"तुला त्रास होऊ नये म्हणून रे."

"माझ्यासाठी नाय ठेवलंस, काका." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "बाटलीचं लपवायचं होतं तर लपवायचं. पर त्याचं बोलणं माझं होतं."



पोरगा भिवंडीला गेला नाही. आठ दिवसांनी परत नाशिककडे गेला, त्याच कारखान्यात, त्याच पिंपांवर. नाक परत आलं म्हणे. वहिनी सांगते, नवीन पिंप निवडलंय, ह्या वेळी गोड कमी आहे. मला त्यातली बाटली आली नाही आणि मी विचारलीही नाही. सणावाराला येतो तो जव्हारला न उतरता थेट गावी जातो.

परवा एसटी स्टँडवर अचानक समोर आला. मी चहाच्या टपरीशी उभा होतो, त्याच्या खांद्यावर पिशवी होती. चुकवता आलं असतं त्याला, पण चुकवलं नाही. जवळ आला, चारचौघांत वाकून पाया पडला, रीतसर. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो स्थिर उभा राहिला. मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, बरं चाललंय. गाडी लागली तशी त्यानं पिशवी उचलली.

"येतो गुरुजी," म्हणाला, आणि गाडीत चढला. जन्मल्यापासून तो मला काका म्हणायचा.